हवा द्यायची की हवा तोडायची? क्लोरीनयुक्त ॲरोमॅटिक प्रदूषकांसाठी जिवाणूंच्या दोन वाटा

मातीचा तपासणी अहवाल हाती येतो, त्यात क्लोरोबेन्झीन, पेंटाक्लोरोफिनॉल (लाकूड टिकवण्याचं रसायन) किंवा पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) निघतं आणि "हे जिवाणूंकडून साफ करून घेता येईल का" असा विचार सुरू होतो. मग पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: कोणता जिवाणू टाकायचा? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यांत शेवटी यायला हवा. त्याआधी बघायचं ते असं: रेणूवर क्लोरीन किती आहेत, ते वलयाच्या कोणत्या जागांवर बसले आहेत, आणि ती माती किंवा गाळ आज हवेत आहे की हवेविना. जिवाणूची निवड बहुतेक वेळा या उत्तरांतूनच ठरते, आणि पुष्कळदा तो जिवाणू तिथे आधीपासूनच असतो.

मूळ अडचण समजून घेऊ. या सगळ्या ॲरोमॅटिक रेणूंत बेन्झीनचं सहा कार्बनांचं वलय असतं आणि ते मुळातच स्थिर असतं. त्यावर बसलेला क्लोरीन वलयातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. ऑक्सिजन घेऊन वलयावर चालून जाणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) इलेक्ट्रॉनांनी भरलेलं वलय लागतं, त्यामुळे क्लोरीन वाढत जातात तसं त्यांचं काम अवघड होत जातं. याउलट, वलयाला इलेक्ट्रॉन देऊन क्लोरीन पाडणाऱ्या जिवाणूंना जास्त क्लोरीन असलेला रेणू सोयीचा पडतो. क्लोरीन थोडे तर हवा, क्लोरीन भरपूर तर हवेविना, एवढं लक्षात ठेवलं की अर्धा निर्णय झाला. उरलेला अर्धा अपवादांचा आहे, आणि पैसा व वर्षं तिथेच वाया जातात.

हवेतली वाट

क्लोरोबेन्झीन हे साधं उदाहरण घेऊ. वायुजीवी (ऑक्सिजनवर जगणाऱ्या) जिवाणूचं डायऑक्सिजनेज विकर ऑक्सिजनचे दोन्ही अणू वलयावर शेजारी शेजारी बसवतं. पुढच्या पायरीत ३-क्लोरोकॅटेकॉल तयार होतं आणि इथे रस्ता फुटतो. दोन हायड्रॉक्सिल गटांच्या मधोमध वलय फोडलं तर त्याला ऑर्थो विदलन म्हणतात. त्यातून क्लोरोम्युकोनेट बनतं, पुढे क्लोरीन सुटून क्लोराइड होतो आणि उरलेला कार्बन पेशीच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात जातो. कार्बन डायऑक्साइड, पाणी, क्लोराइड, आणि थोडेफार नवे जिवाणू. काम पूर्ण.

वलय बाजूने फोडलं, म्हणजे मेटा विदलन झालं, तर मात्र बहुतेक जिवाणूंमध्ये गडबड होते. ३-क्लोरोकॅटेकॉलमधून असा एक क्रियाशील पदार्थ निघतो की तो ज्या विकराने बनवला त्यालाच चिकटून त्याला निकामी करतो. शिवाय क्लोरोकॅटेकॉल साचलं की पेशीलाच विषारी ठरतं. ज्या मातीत टोल्युईनवर जगणारे मेटा मार्गाचे जिवाणू जोरात आहेत तिथे क्लोरोबेन्झीनचं विघटन अडखळू शकतं, त्याचं कारण हे. याला अपवाद आहे: स्युडोमोनास पुटिडाच्या जीजे३१ या वाणाचं विकर ३-क्लोरोकॅटेकॉल मेटा पद्धतीने फोडूनही शाबूत राहतं. म्हणून "आमच्या मातीत टोल्युईन खाणारे भरपूर आहेत, ते क्लोरोबेन्झीनही खातील" हा तर्क कुणी मांडला तर प्रयोगशाळेतली बाटली-चाचणी झाल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

या वाटेवरचं सगळ्यांत आश्वासक उदाहरण २,४-डी या तणनाशकाचं आहे. क्युप्रियाव्हिडस नेकेटर जेएमपी१३४ हा जिवाणू त्याची बाजूची साखळी आधी तोडतो, त्यातून २,४-डायक्लोरोफिनॉल होतं, मग डायक्लोरोकॅटेकॉल, आणि पुढे ऑर्थो मार्ग. यासाठी लागणारी जनुकं पीजेपी४ या सुमारे ८८ हजार बेस-जोड्यांच्या (डीएनएच्या लांबीचं एकक) प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वर्तुळावर, आहेत, आणि हा प्लास्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, अगदी वेगळ्या प्रजातींतही. जिवंत, ओलसर मातीत २,४-डी साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत निम्म्यावर येतं. कुठेतरी ते सांडलं असेल आणि प्रमाण फार मोठं नसेल तर माझा सल्ला साधा आहे: ओल ठेवा, हवा खेळती ठेवा, मोजत राहा. बाहेरून जिवाणू विकत आणायची गरज मला इथे दिसत नाही.

१९७४ मध्ये जर्मनीत वेगळा केलेला स्युडोमोनास बी१३ हा ३-क्लोरोबेन्झोएटवर (एक क्लोरीन असलेल्या बेन्झोइक आम्लाच्या क्षारावर) जगतो. त्याचीही जनुकं सुमारे १ लाख ३ हजार बेस-जोड्यांच्या फिरत्या तुकड्यावर आहेत आणि शेजारच्या जिवाणूंना मिळू शकतात. मातीतले जिवाणू नव्या विषाशी जुळवून घेतात ते पुष्कळदा असे. एकाकडे वलयावर ऑक्सिजन बसवणारी जनुकं असतात, दुसऱ्याकडे क्लोरोकॅटेकॉल फोडणारी, आणि दोन्ही एका पेशीत आली की नवी क्षमता तयार होते. ऱ्हाइन नदीच्या गाळातून मिळालेला स्युडोमोनास पी५१ तीन क्लोरीनांच्या १,२,४-ट्रायक्लोरोबेन्झीनवरही वाढतो, तो अशाच जुळणीमुळे.

आता खर्चाची बाजू. एक किलो क्लोरोबेन्झीन पूर्ण जाळायला जिवाणूंना सुमारे दोन किलो ऑक्सिजन लागतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला जेमतेम ८-९ मिलिग्रॅम असतो. म्हणजे भूजलाखालच्या थरात हवा पोहोचवणं हीच खरी लढाई आहे, जिवाणू त्यात दुय्यम. उघड्यावर पसरलेल्या किंवा ढीग करून खालून हवा दिलेल्या मातीत हे सोपं जातं. पण क्लोरोबेन्झीन उडतंही लवकर. जोराने हवा मारली की मातीतलं प्रमाण झपाट्याने घटतं, आलेख सुंदर दिसतो, आणि प्रत्यक्षात विष मातीतून निघून श्वासाच्या हवेत गेलेलं असतं. हवेचा वेग कमी ठेवणं आणि बाहेर पडणारी वाफ सक्रिय कोळशातून गाळणं हे ज्या प्रस्तावात लिहिलेलं नाही तो मी परत पाठवेन.

हवेविनाची वाट

इथे गोष्ट पूर्ण बदलते. वायुजीवी जिवाणूला प्रदूषक हे अन्न असतं. या वाटेवरच्या खास जिवाणूंना ते श्वासासाठी लागतं: आपण ज्या जागी ऑक्सिजन वापरतो त्या जागी ते क्लोरीनयुक्त रेणू वापरतात. हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन घ्यायचे, रेणूला द्यायचे, क्लोरीनच्या जागी हायड्रोजन येतो, क्लोराइड सुटतो आणि त्या व्यवहारातून पेशीला ऊर्जा मिळते. याची पहिली स्पष्ट खूण १९८४ मध्ये सांडपाण्याच्या गाळातून मिळालेल्या डीसीबी-१ या जिवाणूत दिसली. तो ३-क्लोरोबेन्झोएटचा क्लोरीन काढत होता. पुढे त्याला डीसल्फोमोनाइल टिएड्जेई हे नाव मिळालं. २००० मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी सीबीडीबी१ हा वाण मांडला, जो ट्रायक्लोरोबेन्झीनवर असा श्वास घेऊन जगतो. आज तो डीहॅलोकोकॉइडिस मॅककार्टी या प्रजातीत मोडतो.

या दोन वाटांवरच्या जिवाणूंचा स्वभाव किती वेगळा आहे हे त्यांच्या जनुकसंचावरून कळतं. पीसीबी फोडणाऱ्या पॅराबर्खोल्डेरिया झेनोव्होरान्स एलबी४०० या वायुजीवीचा जनुकसंच सुमारे ९७ लाख बेस-जोड्यांचा, जिवाणूंमधल्या मोठ्यांपैकी एक. साखर, आम्ल, वनस्पतींचे अवशेष, बायफिनाइल (जोडलेली दोन बेन्झीन-वलयं), जे मिळेल त्यावर तो निभावतो. सीबीडीबी१ चा जनुकसंच १४ लाखांच्या आसपास, पण त्यात क्लोरीन काढणाऱ्या विकरांची ३२ जनुकं. त्याला दुसरं काही येतच नाही. हायड्रोजन हवा, कार्बनसाठी ॲसिटेट हवं, आणि विकर चालण्यासाठी बी१२ जीवनसत्त्व हवं, जे तो स्वतः बनवू शकत नाही. ऑक्सिजनचा स्पर्शही सोसत नाही. म्हणजे तो एकटा टाकून उपयोग नाही, त्याच्या भोवती आंबवणारे, बी१२ बनवणारे जिवाणू असा सगळा गोतावळा लागतो.

हा गोतावळा जागा करायचा म्हणजे मातीत आंबण्याजोगं काहीतरी घालायचं: लॅक्टेट, मळी, पाण्यात घुसळलेलं खाद्यतेल. ते आंबून हायड्रोजन सुटतो. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. हायड्रोजनसाठी मिथेन बनवणारे सूक्ष्मजीवही रांगेत असतात आणि तो भरपूर असेल तर तेच पळवतात. तो थेंबाथेंबाने मिळत राहिला तर डीहॅलोकोकॉइडिस जिंकतो, कारण मिथेनवाल्यांना न परवडणाऱ्या कमी प्रमाणावरही तो जगू शकतो. म्हणून हळूहळू आंबणारं तेल हे पटकन आंबणाऱ्या साखरेपेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं. साखर घातली की पहिल्या महिन्यात मिथेन आणि आम्ल उसळतं. सामू (पीएच) सहाच्या खाली गेला की क्लोरीन काढणारे थंडावतात, आणि स्वतः क्लोरीन निघण्यातूनही हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतच असतं. मातीत चुनखडीचा अंश नसेल तर तो आधीच मिसळण्याची तयारी ठेवावी.

पण या वाटेची खरी मर्यादा वेगळी आहे. ती पुष्कळदा अर्ध्यावर थांबते. हेक्झाक्लोरोबेन्झीनवर सहा क्लोरीन असतात, ऑक्सिजनच्या वाटेला ते फारसं भीक घालत नाही. सीबीडीबी१ त्याचे क्लोरीन एकेक करून काढतो आणि १,३,५-ट्रायक्लोरोबेन्झीन, १,३- आणि १,४-डायक्लोरोबेन्झीन यांपाशी येऊन थांबतो. वलय तसंच राहतं. विष कमी झालं का? काही अंशी. पण कमी क्लोरीनचे रेणू पाण्यात जास्त विरघळतात, म्हणून जास्त दूर वाहतात. मातीला घट्ट धरून बसलेलं एक प्रदूषक जाऊन त्या जागी भूजलात फिरणारं दुसरं आलं, असा हा सौदा होऊ शकतो. डीहॅलोबॅक्टर गटातले काही जिवाणू तर मोनोक्लोरोबेन्झीनचा शेवटचा क्लोरीनही काढतात आणि उरतं बेन्झीन, जे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. "क्लोरीन शून्य झाला" हे वाक्य अहवालात आलं की लगेच पुढचा प्रश्न विचारावा: मग वलयाचं काय झालं?

एकाच रेणूवर दोन्ही: पीसीबीचा धडा

पीसीबी म्हणजे एक पदार्थ नव्हे. बायफिनाइलच्या दोन जोडलेल्या वलयांवर एक ते दहा क्लोरीन वेगवेगळ्या जागी बसून होणारे २०९ रेणू. जमिनीत सापडतं ते नेहमी त्यांचं मिश्रण.

हवेत एलबी४०० सारखे जिवाणू कमी क्लोरीनचे रेणू उत्साहाने फोडतात, चार क्लोरीनांनंतर हात आखडता घेतात, आणि काही सहा क्लोरीनांच्या रेणूंपर्यंतच पोहोचतात. त्यातही एक अट आहे: त्यांचे विकर बायफिनाइलसाठी घडलेले आहेत, पीसीबीवर ते जाता जाता चालतात, आणि त्यातून जिवाणूला पोट भरण्याइतकं सहसा काही मिळत नाही. म्हणून बायफिनाइल किंवा तसं दुसरं उत्तेजक घालावं लागतं. पुदिन्याच्या एका जातीतला कार्व्होन हा पदार्थही असं काम करताना दिसला आहे. उत्पादन म्हणून क्लोरोबेन्झोएट साचतं आणि ते खायला दुसरा जिवाणू लागतो.

हवेविना गोष्ट उलटी. भरपूर क्लोरीनांच्या रेणूंवरचे मेटा आणि पॅरा जागांवरचे (दोन वलयांच्या जोडापासून दूरचे) क्लोरीन निघतात, ऑर्थो जागांवरचे (जोडाच्या लगतचे) बहुतेक राहतात; वरच्या ऑर्थो-मेटा विदलनाशी या नावांचा संबंध नाही. एकूण पीसीबी रेणूंची संख्या जवळजवळ तेवढीच राहते, पण स्वरूप बदलतं. हे बदललेलं स्वरूप निरर्थक नाही: डायऑक्सिनसारखं (क्लोरीनयुक्त, अतिविषारी रसायनांचा एक गट) वागणारे सर्वांत घातक पीसीबी, उदाहरणार्थ पीसीबी १२६, हे ऑर्थो क्लोरीन नसलेले आणि मेटा-पॅरा जागांवर क्लोरीन असलेले आहेत. ते क्लोरीन गेले की तो विशिष्ट धोका बराच उतरतो.

अमेरिकेतल्या हडसन नदीत हे सगळं प्रत्यक्ष पाहायला मिळालं. १९४७ ते १९७७ या काळात नदीकाठच्या दोन कपॅसिटर कारखान्यांतून पीसीबी नदीत गेलं. १९८७ मध्ये गाळाच्या नमुन्यांवरून दाखवलं गेलं की गाळाच्या हवाबंद थरात जिवाणूंनी आपणहून क्लोरीन काढलेले आहेत. १९९१ मध्ये नदीतच मोठी बंदिस्त पिंपं रोवून ७३ दिवसांचा प्रयोग झाला: ऑक्सिजन, पोषक क्षार आणि बायफिनाइल दिलं, आणि ३७ ते ५५ टक्के पीसीबी घटलं. क्लोरोबेन्झोएटही सापडलं, म्हणजे ते खरोखर फुटत होतं. याच प्रयोगात बाहेरून पीसीबी फोडणारा शुद्ध जिवाणू पुन्हा पुन्हा टाकूनही पाहिला. त्याने काही जास्तीचा फरक पडला नाही.

हा प्रयोग मला या विषयातला सगळ्यांत प्रामाणिक प्रयोग वाटतो. जिवाणू काम करतात, हे त्याने दाखवलं. तिथले जिवाणू पुरेसे असतात, हेही दाखवलं. आणि अडीच महिने सगळ्या सोयी देऊनही जवळपास निम्मा भाग हलला नाही, हेही लपवलं नाही. पुढे २००२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गाळ उपसण्याचा निर्णय घेतला आणि २००९ ते २०१५ दरम्यान सुमारे २० लाख घनमीटर गाळ काढला गेला. मासे खाणाऱ्या माणसांना आणि पक्ष्यांना थांबायला वेळ नसेल तर जिवाणूंचा वेग पुरत नाही. जिवाणूंवर माझा कितीही जीव असला तरी ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे.

पेंटाक्लोरोफिनॉल: नियमाला अपवाद

पाच क्लोरीन आहेत, म्हणजे हवेविनाची वाट, असं वर सांगितलेल्या नियमाने वाटेल. पण पेंटाक्लोरोफिनॉल दोन्ही बाजूंनी फुटतं, आणि म्हणूनच इथे निर्णय सगळ्यांत काळजीने घ्यावा लागतो.

लाकूड टिकवण्यासाठी ते १९३६ पासून वापरात आलं. मातीतल्या स्फिंगोबियम क्लोरोफेनोलिकम या वायुजीवीने त्यासाठी जो मार्ग जुळवला तो पाहण्यासारखा आहे. पहिलं विकर एक क्लोरीन काढून जे बनवतं ते टेट्राक्लोरोबेन्झोक्विनोन हे मूळ विषापेक्षाही जहाल. दुसरं विकर ते पेशीत मोकळं न सोडता जणू हातोहात घेतं आणि त्याचं क्विनॉल करतं. मग पेशीतल्या ग्लुटाथायोन या रेणूच्या मदतीने दोन क्लोरीन निघतात आणि शेवटी वलय फुटतं. मार्ग पूर्ण आहे, पण पहिली पायरी फार संथ आहे. इतक्या अलीकडे जुळलेली यंत्रणा अजून घासून गुळगुळीत झालेली नाही असं त्याचं स्वरूप आहे.

हवेविना डीसल्फिटोबॅक्टीरियम हाफ्नियन्सचा पीसीपी-१ हा वाण याच रेणूचे चार क्लोरीन काढतो आणि ३-क्लोरोफिनॉलवर थांबतो, जे पुढे हवेत सहज फुटू शकतं.

मग निवड कशी करायची? उपसलेली माती ढिगात घालता येत असेल, प्रमाण किलोला काहीशे मिलिग्रॅमच्या आत असेल, सामू सातच्या जवळ असेल, तर मी हवेची वाट निवडेन. सात सामूवर पेंटाक्लोरोफिनॉल आयनरूपात असतं, पाण्यात उतरतं, जिवाणूंच्या हाती लागतं. प्रमाण फार जास्त असेल तर ते स्वतः जिवाणूंचीच ऊर्जा-यंत्रणा बिघडवतं. अशा वेळी स्वच्छ माती मिसळून आधी तीव्रता उतरवावी. माती पाण्याखाली, चिकणमातीत अडकलेली असेल तर हवा पोहोचवण्याचा हट्ट सोडून क्लोरीन काढणाऱ्यांना संधी द्यावी आणि प्रदूषित पाणी जिथे बाहेर पडतं तिथे हवेचा पट्टा ठेवावा.

दोन सापळे मात्र दोन्ही वाटांवर आहेत. काही सूक्ष्मजीव त्याला मिथाइल गट चढवून पेंटाक्लोरोॲनिसोल बनवतात, ज्यात सगळे पाच क्लोरीन शाबूत असतात आणि जे प्राण्यांच्या चरबीत जास्त साठतं. तपासणी फक्त पेंटाक्लोरोफिनॉलची केली तर ते "गेलं" असं दिसेल. आणि औद्योगिक दर्जाच्या पेंटाक्लोरोफिनॉलमध्ये डायऑक्सिनची भेसळ तयार होतानाच आलेली असते. जिवाणू मुख्य पदार्थ संपवतील आणि जास्त क्लोरीनांचे डायऑक्सिन मागे राहतील. एल्ब नदीतून मिळालेला आरडब्ल्यू१ हा वाण डायऑक्सिनचं मूळ वलय फोडतो हे खरं, पण जास्त क्लोरीनांसमोर तोही थकतो. लाकूड भिजवण्याच्या जुन्या जागेची माती असेल तर डायऑक्सिनची तपासणी आधी करा, नंतर जिवाणूंचा विचार.

इथलेच की बाहेरचे?

आता सुरुवातीचा प्रश्न घेता येईल: कोणता जिवाणू टाकायचा, की टाकायचाच नाही? पर्याय तीन: काही न करता मोजत राहणं, आहेत त्या जिवाणूंना हवं ते देणं, आणि बाहेरून जिवाणू आणणं.

हवेच्या वाटेवर बाहेरचे जिवाणू मला क्वचितच पटतात. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या गटाने १९८१ मध्ये वेगवेगळ्या दूषित जागांचे जिवाणू आणि प्लास्मिड एकत्र वाढवून, दाब वाढवत नेऊन, २,४,५-टी या चिवट तणनाशकावर वाढणारा जिवाणू घडवला, ज्याचा एसी११०० हा वाण प्रसिद्ध आहे. मातीत तो उत्तम चालला, आणि २,४,५-टी संपल्यावर त्याची संख्या कोसळली. हे एक प्रकारे आदर्शच. पण तो ज्या प्रमाणात टाकावा लागला, तेवढे जिवाणू मोठ्या जागेत समान पसरवणं वेगळंच काम आहे. मातीतले एकपेशीय भक्षक आलेल्या पाहुण्यांना खाऊन टाकतात, स्थानिक जिवाणू नायट्रोजन-फॉस्फरस आधी उचलतात. आणखी एक अडचण कमी लोकांना माहीत असते: एक जिवाणू पीसीबी फोडून क्लोरोबेन्झोएट करतो, त्यातून ४-क्लोरोकॅटेकॉल होतं, आणि मातीतले साधे, निरुपद्रवी जिवाणू त्यावर आपला नेहमीचा मार्ग चालवून प्रोटोॲनेमोनिन नावाचं प्रतिजैविक बनवून बसतात. ते पीसीबी फोडणाऱ्यालाच मारतं. तुमचा पाहुणा कितीही सशक्त असो, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकातून त्याला विष मिळू शकतं.

हवेविनाच्या वाटेवर माझं मत वेगळं आहे. क्लोरीन काढणारे जिवाणू सगळीकडे नसतात, वाढतात सावकाश (दुप्पट व्हायला एक ते तीन दिवस, तर वायुजीवींना काही तास), आणि त्यांच्याऐवजी तेच काम करणारा दुसरा कुणी उभा राहील याची खात्री नसते. जनुकचाचणीत त्यांची खूण सापडली नाही, आणि सहा महिने आंबवण्याचा पदार्थ देऊनही क्लोरीन हलला नाही, तर गोतावळ्यासह संवर्धन आणून टाकण्यात अर्थ आहे. मात्र आधी थर पूर्ण हवाविरहित करून घ्यावा, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळं मरतं.

नुसतं मोजत राहणं हा पर्याय आळसाचा म्हणून हिणवू नये. प्रदूषणाचा पसारा थांबलेला असेल, पिण्याची विहीर किंवा शेत वाटेत नसेल आणि मोजमापातून विघटनाचा पुरावा मिळत असेल तर तो शहाणपणाचा आहे. पुरावा नसेल तर ते दुर्लक्ष ठरतं.

जोडून घेतलेल्या वाटा

हेक्झाक्लोरोबेन्झीन, भरपूर क्लोरीनांचे पीसीबी आणि डीडीटी यांसाठी एकच वाट निवडायची असा आग्रह धरू नये. आधी हवेविना क्लोरीन उतरवायचे, मग हवा देऊन वलय फोडायचं. कागदावर हे सोपं दिसतं. अंमलात दोन गोष्टी अडवतात. पहिल्या टप्प्यात घातलेलं तेल किंवा मळी शिल्लक राहिली की दुसऱ्या टप्प्यात दिलेला ऑक्सिजन आधी तीच खाते. शिवाय विरघळलेलं लोह आणि सल्फाइड ऑक्सिजन गिळतात आणि लोहाचा गाळ बसून हवेच्या नळ्यांची छिद्रं बुजतात. उपसलेल्या मातीत हा बदल आठवड्यांत करता येतो, जमिनीच्या पोटात त्याला वर्ष लागू शकतं. म्हणून जागेवरच करायचं असेल तर वेळेने बदलण्यापेक्षा जागेने बदललेलं बरं: उगमापाशी हवाविरहित पट्टा, पाणी वाहत जातं त्या दिशेला पुढे हवेचा पट्टा.

डीडीटीबद्दल थोडंच. हवेविना त्याचं डीडीडी होतं, हवेत डीडीई (दोन्ही डीडीटीपासूनच बनणारे क्लोरीनयुक्त पदार्थ), आणि डीडीई हे फार चिवट. डीडीटीच्या मातीला सुरुवातीलाच हवा देण्याचा प्रस्ताव मी नाकारेन.

जिवाणू नकोत असं कधी म्हणावं

पन्नास वर्षं मातीत मुरलेला रेणू आणि काल सांडलेला रेणू रसायनशास्त्रात एकच, पण जिवाणूसाठी वेगळे. जुना रेणू सेंद्रिय द्रव्याच्या आणि कोळशासारख्या कणांच्या आत शिरून बसतो. जिवाणू प्रामुख्याने पाण्यात उतरलेलाच रेणू घेऊ शकतो. म्हणून सुरुवातीला झरझर घट होते, मग आलेख आडवा होतो आणि तसाच राहतो. हे जिवाणूंचं अपयश नसतं, त्यांच्यापर्यंत काही पोहोचतच नसतं. टेनॅक्स नावाचा शोषक पदार्थ मातीच्या पाण्यात टाकून किती प्रदूषक सहज सुटतं ते आधी मोजता येतं. एक तृतीयांशच सुटत असेल तर नव्वद टक्के सफाईचं आश्वासन कुणाकडूनही घेऊ नये.

अशा वेळी, किंवा जमिनीवर लवकरच घरं उभी राहणार असतील, किंवा शुद्ध तेलकट द्रवाचे साठेच सापडले असतील, तर उपसून उच्च तापमानाला जाळणं हा महाग पण खात्रीचा मार्ग आहे. युरोपीय नियमांत एक टक्क्याहून जास्त हॅलोजनयुक्त सेंद्रिय पदार्थ असलेल्या घातक कचऱ्यासाठी किमान ११०० अंश सेल्सिअस आणि दोन सेकंदांची अट आहे, कारण कमी तापमानाला जाळलं तर नवे डायऑक्सिन तयार होऊ शकतात. साध्या भट्टीत जाळण्याची सूचना कुणी केली तर ती सरळ फेटाळा.

करार करण्याआधी मागायचे पुरावे

प्रदूषक घटलं एवढ्यावर समाधान मानू नका. ते उडालं असेल, वाहून गेलं असेल, मातीला चिकटलं असेल. क्लोराइड वाढला का ते बघा: १०० मिलिग्रॅम क्लोरोबेन्झीन पूर्ण फुटलं तर सुमारे ३१ मिलिग्रॅम क्लोराइड सुटायला हवा. हा हिशेब क्लोरोबेन्झीनसारख्या जास्त प्रमाणातल्या प्रदूषकाला लागू पडतो. पीसीबी किलोला पाच-दहा मिलिग्रॅम असेल तर मातीतल्या मूळच्या क्लोराइडमध्ये तो फरक बुडून जातो. तिथे मधल्या पदार्थांची यादी मागा: क्लोरोबेन्झोएट, कमी क्लोरीनांचे रेणू, ऑर्थो क्लोरीन शिल्लक असलेल्या पीसीबीचा वाढलेला वाटा.

कार्बनच्या समस्थानिकांची (हलक्या आणि जड कार्बन अणूंची) चाचणीही उपयोगी आहे, पण ती कुठल्या वाटेसाठी वापरता यावर तिचा अर्थ अवलंबून आहे. हवेविना क्लोरीन तोडताना हलक्या कार्बनाचा बंध थोडा लवकर तुटतो, त्यामुळे उरलेल्या प्रदूषकात जड कार्बनचं प्रमाण वाढतं आणि विघटन डोळ्यांसमोर येतं. हवेच्या वाटेवर डायऑक्सिजनेज क्लोरोबेन्झीनवर चालून जातं तेव्हा हा फरक जवळजवळ उमटतच नाही. कुणी समस्थानिकांत बदल नाही असं दाखवून "इथे जिवाणू काम करत नाहीत" म्हणत असेल तर त्याला आधी विचारा, त्या थरात ऑक्सिजन होता का?

आणि बाटली-चाचणी. तुमचीच माती, तुमचंच पाणी, तिथलंच तापमान. काही बाटल्यांत हवा, काहींत हवेविना तेल, काहींत निर्जंतुक केलेली माती, जिथे घट झालीच तर ती जिवाणूंमुळे नव्हे हे कळावं म्हणून. हवेच्या बाटल्या दोन-तीन महिन्यांत बोलतात, हवेविनाच्यांना सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं. निर्जंतुक बाटलीचा आकडा ज्या प्रस्तावात नाही, त्यावर सही करू नका.